फिंचलीचा १९०४ चा मोटार बंब: एवढ्याशा गावाला इतक्या लवकर कसा?

पावसाळी

नमस्कार मंडळी. मी चित्रकार आहे. एका दिवाळी अंकाच्या बालविभागासाठी जुन्या वाहनांची चित्रमालिका करतेय आणि त्यात आगीचा बंब नसेल तर मुलं मला सोडणार नाहीत. जुने फोटो चाळताना लंडनच्या सायन्स म्युझियमच्या संग्रहातल्या एका गाडीवर येऊन अडकले. ग्रिनिचच्या मेरीवेदर अँड सन्स कंपनीने १९०४ साली फिंचलीच्या अग्निशमन दलासाठी बांधलेला पेट्रोलवरचा बंब. लाकडी आऱ्यांची चाकं, त्यावर भरीव रबर, मागे पितळेचा नुसता पसारा. बघताक्षणी काढावंसं वाटलं.

पण काढायला बसले आणि दोन गोष्टी कळेनात. एक म्हणजे लंडनच्या दलात शेवटचे घोडे १९२१ पर्यंत होते असं वाचलं. मग फिंचलीसारख्या लहान गावाकडे १९०४ मध्येच मोटार बंब कुठून आला? पैसेवाल्यांचं गाव होतं का? आणि दुसरं, या गाडीत पाण्याची टाकी कुठे आहे? फोटो उलटसुलट करून पाहिला, एवढं पाणी मावेल अशी जागाच दिसत नाही. मुलं पहिला प्रश्न हाच विचारतील.

जाणकारांनी सांगा. माझं यंत्रांचं ज्ञान मिक्सरपर्यंत.

उत्तरलंडनकर

फिंचलीपासून बसने पंधरा मिनिटांवर राहते, म्हणून गावापुरतं सांगते.

१९०४ मध्ये फिंचली लंडनमध्ये नव्हतंच. मिडलसेक्स परगण्यात होतं आणि १८९५ पासून त्याची स्वतःची अर्बन डिस्ट्रिक्ट कौन्सिल होती, म्हणजे आपल्याकडच्या नगरपालिकेसारखी. लंडन काउंटी कौन्सिलचं दल काउंटीच्या हद्दीतल्या आगी बघायचं. हद्दीबाहेरच्या गावाने आपापली सोय करायची आणि खर्च आपल्याच करदात्यांकडून काढायचा. फिंचली लंडनच्या बार्नेट बरोमध्ये गेलं ते थेट १९६५ मध्ये.

वस्ती १९०१ च्या खानेसुमारीत बावीस हजारांच्या आसपास होती, १९११ मध्ये एकोणचाळीस हजारांवर गेली. म्हणजे गाव झपाट्याने वाढत होतं, पण एका ठिकाणी नाही. चर्च एंड, ईस्ट एंड, नॉर्थ फिंचली, वर व्हेटस्टोन, अशा सुट्या वाड्या आणि मध्ये शेतं. चर्च एंडहून व्हेटस्टोनला आजही चालत गेलं तर पाऊण तास सहज लागतो, शिवाय चढ आहे. श्रीमंतीचं म्हणाल तर चांगले बंगले होते, साधी घरंही होती. पैशापेक्षा हे पसरलेपण मला महत्त्वाचं वाटतं. बंबातलं मला काही कळत नाही, ते यंत्रचालक काकांनी सांगावं. दिसले की हाक मारा.

यंत्रचालक

मारली हाक, आलो.

मी नगरपरिषदेच्या अग्निशमन विभागात चालक-यंत्रचालक होतो, आता निवृत्त. म्हणजे गाडी चालवायची, ठिकाणावर पोचलं की उतरून पंप चालवायचा. बाकीचे होज, म्हणजे पाणी मारायचे लांब पाइप, घेऊन पळतात, आम्ही गेजकडे बघत उभे. लोकांना वाटतं हा माणूस काहीच करत नाही.

ताई, तुमच्या दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण पहिल्याचं निम्मं उत्तर त्यातच आहे.

टाकी सापडत नाही कारण टाकी नाही. आपण पाणी वाहून नेणारे बंब बघत मोठे झालो. मी शेवटी जी गाडी चालवली तिच्यात ४५०० लिटर पाणी होतं, ते संपलं की टँकर बोलवा. त्या काळचा बंब म्हणजे चाकांवर बसवलेला पंप. पाणी गावातलं घ्यायचं. रस्त्यावर हायड्रंट, म्हणजे आगीसाठी ठेवलेला जाड नळ, असेल तर त्यातून, नाहीतर तळं, ओढा, विहीर. गाडीने फक्त ते उचलून जोराने फेकायचं.

तुमच्या फोटोत मागे जो पितळेचा पसारा आहे तो हॅटफिल्ड पंप. तीन सिलिंडरचा, दट्ट्याचा. मिनिटाला २५० गॅलन, म्हणजे साधारण ११३५ लिटर पाणी फेकायचा. माझ्या गाडीचा पंप १८०० लिटरचा होता. मध्ये ऐंशी-नव्वद वर्षं गेली हे लक्षात घेतलं तर त्या पंपाला हसायचं कारण नाही.

पण हा पंप चालू करण्याआधी पाण्याचं ठिकाण गाठायचं, सक्शनचे जाड पाइप जोडायचे, टोकाला जाळी लावून पाण्यात सोडायचे, इकडून होज पसरायचे. सरावाच्या माणसांनाही त्यात मिनिटं जातात. तेवढ्यात पडदा पेटलाय तो छपरापर्यंत जातो. म्हणून त्या गाडीवर आणखी एक वस्तू होती, ६० गॅलनचं सोडा-ॲसिडचं सिलिंडर. लिटरमध्ये पावणेतीनशेच्या आसपास. गाडीवर सोबत आलेलं पाणी एवढंच.

सोडा-ॲसिड कसं चालतं ते सांगतो, कारण हे आमच्या पिढीने हाताळलंय. जुन्या टॉकीजमध्ये भिंतीला लाल रंगाची, वर निमुळती होत गेलेली नळकांडी टांगलेली असायची, आठवतात? तिच्या डोक्यावर एक गुंडी. आत पाण्यात खायचा सोडा विरघळवलेला आणि त्यात काचेची कुपी, कुपीत सल्फ्युरिक ॲसिड. गुंडी जोरात आपटली की कुपी फुटते, ॲसिड सोड्यात मिसळतं, कार्बन डायऑक्साइड तयार होतो आणि तो पाण्याला बाहेर ढकलतो. पंप नाही, इंजिन नाही, नुसतं गॅसचं प्रेशर. फिंचलीच्या गाडीवर याच जातीचं मोठं भांडं होतं आणि त्याला रबरी होज. गाडी थांबली की एक माणूस तो होज घेऊन आत पळायचा. बाकीचे तोवर हायड्रंट शोधून मोठा पंप जोडायचे. छोटी आग असली तर मोठ्या पंपाचं कामच पडायचं नाही, आणि लोकांचा सोफा वाचायचा. आगीपेक्षा पाण्यानेच जास्त नुकसान होतं हे विमावाल्यांना विचारा.

आता तुमचा पहिला प्रश्न.

आगीच्या कामात फेकलेलं पाणी सगळ्यांना दिसतं. न दिसणारी गोष्ट वेळ, आणि तो गाडी हलायच्या आधी जातो. १९०४ मध्ये चांगला बंब म्हणजे वाफेचा पंप, घोड्यांनी ओढायचा. बॉयलर गार असेल तर कामाजोगी वाफ धरायला सात-आठ, कधी दहा मिनिटं लागायची. मोठ्या ठाण्यांत बॉयलरखाली गॅसची शेगडी लावून पाणी कायम गरम ठेवायचे, आणि निघताना भट्टी पेटवून वाटेतच वाफ चढवायचे. जुन्या चित्रांत घोडे उधळलेत आणि मागे धुराचा लोट, तो याचा. लंडनच्या दलाला हे परवडायचं. त्यांच्याकडे घोडेसुद्धा थॉमस टिलिंग नावाच्या मोठ्या ठेकेदाराकडून भाड्याने घेतलेले, पण ते ठाण्यातच बांधलेले असायचे, रात्रंदिवस तयार. ठाणी एकमेकांना जवळ. घंटा वाजली की गाडी बाहेर.

लहान गावाचं तसं नाही. वर्षातून मोजक्या आगी लागणार, त्यासाठी घोड्यांची जोडी बारा महिने उभी करून चारायची कोणाला परवडते? म्हणून तिकडच्या लहान गावांत पुष्कळ ठिकाणी घोडे दुसऱ्याच कामाला असायचे. कोणाच्या भाड्याच्या बग्गीला, कुठे कौन्सिलच्या कचऱ्याच्या गाडीला. आग लागली की आधी घोडा शोधा, तो सोडवा, आणा, बंबाला जोडा.

हे वाचलं तेव्हा मला आमचंच दुःख आठवलं. आम्हाला घोडे नव्हते, पण उन्हाळ्यात आमची गाडी ठाण्यात उभी असेल याची खात्री नसायची. कोणा वजनदार माणसाच्या घरचं कार्य असलं की मांडवात पाणी मारायला बंब जायचा. एकदा कडब्याच्या गंजीचा कॉल आला आणि गाडी लग्नाच्या आवारात धूळ बसवत होती. तिथून निघालो, गंजी कुठली सापडते? राखेवर पाणी मारून परत आलो, आणि शिव्या आम्ही खाल्ल्या.

तर सांगायचं ते हे: मोटार बंबाची गरज मोठ्या शहरापेक्षा लहान गावाला जास्त होती. पेट्रोलच्या गाडीला चारा नको, रोजची शेगडी नको, घोडेवाला नको. दोन गॅलनच्या डब्यांत मिळणारं पेट्रोल भरून ठेवा, कॉल आला की हँडल मारा, म्हणजे पुढची दांडी हाताने फिरवून इंजिन चालू करा, आणि निघा. आणि फिंचलीच्या गाडीत खरी अक्कल पुढे आहे. जे इंजिन चाकं फिरवतं तेच थांबल्यावर पंप फिरवतं. वेगळा पंप नको, त्याला वेगळी गाडी नको, त्यावर वेगळी माणसं नकोत. वर सोडा-ॲसिडही त्याच गाडीवर. तीन गाड्यांचं काम एका गाडीत. ज्यांच्याकडे तीन गाड्या आणि त्यांची माणसं आधीच होती त्यांना याचं एवढं अप्रूप नव्हतं.

फिंचलीच्या कौन्सिलने सभेत काय विचार केला ते मी सांगू शकणार नाही. पण यंत्र बघून माझा तर्क हाच आहे.

शंकेखोर

काका, मजा आली, विशेषतः मांडवाची. पण ज्याला त्याला 'पहिला' म्हणायची आपली हौस असते, म्हणून आधीच मीठ टाकून ठेवतो. मँचेस्टरजवळच्या एक्लस गावात १९०१ मध्येच माणसं आणि होज नेणारी छोटी पेट्रोल गाडी होती. लंडनच्याच उत्तरेला टॉटनहॅमने १९०३ मध्ये मेरीवेदरचीच मोटार घेतली, तीवर सोडा-ॲसिड आणि चाकांची शिडी. आणि घोड्याशिवाय चालणारा बंबच म्हणायचा तर मेरीवेदरचाच वाफेवर स्वतः चालणारा 'फायर किंग' १८९९ मध्ये मॉरिशसला, पोर्ट लुईला गेला होता. मग फिंचलीचं कौतुक कशाला?

जाताजाता, तुमचं म्हणणं यातून पक्कंच होतंय. एक्लस, टॉटनहॅम, पोर्ट लुई. एकही महानगर नाही.

यंत्रचालक

शंका बरोबर आहे आणि शेवटची ओळ मला आवडली.

एक्लसची आणि टॉटनहॅमची मोटार सामान आणि माणसं न्यायची, सोडा-ॲसिड असेल तर तेवढं मारायची. मोठा पंप त्या मोटारीच्या इंजिनवर चालत नव्हता. 'फायर किंग'मध्ये वाफ चाकंही फिरवायची आणि पंपही, पण शेवटी तो बॉयलर. वाफ धरण्याची कटकट तशीच. पेट्रोलचं एकच इंजिन, तेच गाडी नेतं आणि तेच पंप चालवतं, हे जमवलेली पहिली गाडी म्हणून फिंचलीचं नाव घेतात. आज आपल्या कुठल्याही नगरपरिषदेतला बंब बघा, गिअरबॉक्समधून पी.टी.ओ., म्हणजे इंजिनची ताकद दुसरीकडे वळवणारा जोड, काढून त्यावर पंप. तीच कल्पना.

अमेरिकेत हे कसं झालं ते बघितलं तर फरक लगेच कळतो. पेनसिल्व्हेनियात फिलाडेल्फियाजवळ वेन नावाचं गाव आहे, तिथल्या रॅडनॉर फायर कंपनीला १९०६ मध्ये वॉटरस कंपनीने पेट्रोलचा बंब दिला. त्यात दोन इंजिनं! एक चाकांना, एक पंपाला. पुढच्याच वर्षी वॉटरसने कॅलिफोर्नियातल्या अलमिडासाठी एका इंजिनात दोन्ही कामं केली. अमेरिकन लाफ्रान्स ही पुढे केवढी मोठी कंपनी झाली, तिचा रजिस्टरमधला पहिल्या क्रमांकाचा मोटार बंब १९१० मध्ये गेला मॅसॅच्युसेट्समधल्या लेनॉक्सला. तेही गावच. न्यूयॉर्क नाही, बोस्टन नाही. शंकेखोर, तुमच्या यादीत हे तीन घाला.

एका इंजिनात दोन कामं याला धोकाही आहे, तो कोणी सांगत नाही. इंजिन बसलं की गाडीही बसली आणि पंपही बसला. दोन इंजिनं लावणारा माणूस मूर्ख नव्हता, त्याला पेट्रोल इंजिनावर भरवसा नव्हता, आणि १९०६ मध्ये तो का असावा?

पावसाळी

काका, किती सोपं करून सांगता! शंकेखोर आणि लंडनकर, तुमचेही आभार. सोडा-ॲसिडची कुपी फुटतानाचं एक छोटं छेदचित्र कोपऱ्यात काढायचं ठरवलंय.

एक विचारू? दट्ट्याचा पंप म्हणालात. आताचे पंप तसे नसतात ना? मग तो बदलला का? चित्रात तीन सिलिंडर उभे दाखवताना मला कळलं पाहिजे की मी काय काढतेय.

यंत्रचालक

आताचे पंप सेंट्रिफ्युगल. आत पंखा गरगर फिरतो आणि पाणी बाहेर भिरकावतो. इंग्लंडमध्ये डेनिस कंपनीने १९०८ मध्ये ब्रॅडफर्डला पहिला बंब दिला त्यात अशाच जातीचा टर्बाइन पंप होता. हळूहळू सगळे तिकडे वळले.

दोघांचा स्वभाव उलटा आहे. दट्ट्याचा पंप सायकलच्या हातपंपासारखा, दट्ट्या मागे ओढला की आत येईल ते ओढतो, पाणी असो की हवा. म्हणून सक्शन विहिरीत सोडलं की तो आधी पाइपातली हवा ओढून काढतो आणि मागून पाणी आपसूक चढतं. सेंट्रिफ्युगलचं तसं नाही. पंख्यात हवा असेल तर तो नुसता फिरत बसतो, पाण्याचा थेंब उचलत नाही. त्याला आधी वेगळ्या प्रायमरने हवा काढून द्यावी लागते, मग तो पाणी धरतो.

मग दट्ट्या का गेला? त्याच्याही खोड्या आहेत. पुढचा माणूस नोझल बंद करतो तेव्हा दट्ट्याचा पंप थांबत नाही, पाणी ढकलतच राहतो. बायपास नसेल तर होज फुटेल नाहीतर पंप. सेंट्रिफ्युगल बिचारा आतल्या आत पाणी घुसळत राहतो, थोडा वेळ चालतं. शिवाय दट्ट्याचं पाणी झटक्याझटक्याने येतं, तीन सिलिंडर एकापाठोपाठ लावले की झटके कमी होतात. तुमच्या चित्रात तीन का, तर यासाठी. गाळ-वाळू आली तर दट्ट्याच्या व्हॉल्व्हची वाट लागते, पंखा बरंच सहन करतो.

प्रायमिंगचं दुःख मात्र आमच्या वाट्याला आलं. दोन्ही पंपांना निसर्गाचा नियम एकच, हवेचा दाब पाणी वर ढकलतो, आणि तो कितीही केलं तरी दहा मीटरच्या वर ढकलू शकत नाही. प्रत्यक्षात सात-आठ मीटर मिळाले तरी नशीब. पाइपाच्या जोडात केसाएवढी फट असली तरी हवा आत येते आणि पाणी चढत नाही. एका जिनिंगच्या आगीत विहिरीवर सक्शन लावलं, प्रायमर फिरतोय, व्हॅक्यूम गेजचा काटा थोडा हलतो आणि पुन्हा शून्यावर. मागून लोक ओरडतायत, 'पाणी सोडा, पाणी सोडा!' मी जमिनीवर पालथा पडून एकेका कपलिंगला गाल लावत गेलो. तिसऱ्या जोडापाशी गालाला गार वारा लागल्यासारखा वाटला, बारीक शीळही ऐकू आली. कपलिंग उघडलं तर आत वॉशरच नाही. आदल्या ड्रिलला कोणी काढून ठेवला तो परत बसवलाच नव्हता. दुसऱ्या पाइपाचा वॉशर काढून बसवला, एक पाइप कमी केला, गाडी विहिरीच्या अगदी काठाला घेतली, आणि मग काटा जो मागे गेला तो तिथेच राहिला. पाणी आलेलं बघायची गरज नसते. इंजिनचा आवाज जड होतो, त्यावरून कळतं.

हॅटफिल्ड असता तरी वॉशरशिवाय त्यानेही हवाच ओढली असती. पण प्रायमर वेगळा चालवायचा, त्याचा लिव्हर कधी सोडायचा, हा एक व्याप तरी वाचला असता.

गोदाकाठ

मी परभणीचा. विषय निघालाच आहे तर मराठवाड्याची गाठ घालून देतो. दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात १९१४ चा एक मोटार बंब आहे, मँचेस्टरजवळच्या सॅल्फर्डच्या जॉन मॉरिस कंपनीचा. तो निजाम स्टेट रेल्वेचा, सिकंदराबादचा. आमच्याकडचा मनमाड-औरंगाबाद-परभणी-नांदेड मार्ग याच निजामाच्या रेल्वेचा होता. फिंचलीनंतर दहाच वर्षांत असा बंब निजामाच्या रेल्वेसाठी आला हे मला फार गमतीचं वाटतं. दिल्लीच्या विंटेज गाड्यांच्या रॅलीतही तो उतरलेला आहे. पावसाळी, पुढच्या अंकासाठी विषय हवा असेल तर हा घ्या, आपला आहे.

काका, रेल्वेने एवढ्या लवकर बंब का घेतला असेल? कोळशाच्या ठिणग्या?

यंत्रचालक

गोदाकाठ, ठिणग्या तर असणारच, पण माल बघा ना. कापसाच्या गाठी, धान्य, लाकडी डबे, वर्कशॉपमधलं तेल, आणि सगळं एका आवारात. कापसाच्या गाठीची आग ज्याने बघितली नाही त्याला कळणार नाही. वरून विझलेली दिसते आणि आत धुमसत असते. गाठ फोडून, पिंजून, भिजवूनच विझवावी लागते. तिथे सोडा-ॲसिडच्या पावणेतीनशे लिटरने काही होत नाही, पंपच लागतो, आणि तोही तासन्‌तास.

रेल्वेला आणखी एक सोय. पाणी त्यांच्या दारात. इंजिनात भरायला उंच टाक्या आणि जाड नळ सगळीकडे.

उत्तरलंडनकर

काका, ही फिंचलीची गाडी किती वर्षं चालली?

यंत्रचालक

१९२८ पर्यंत. चोवीस वर्षं, आणि तीही पेट्रोल इंजिनं नवी असतानाची गाडी. मग संग्रहालयात गेली. आमच्याकडे गाडीला पंधरा वर्षं झाली की भंगारात काढायचा कागद फिरायला लागतो, नवी कधी येणार याचा कागद मात्र सापडत नाही.

मधल्या काळात इंग्लंडमध्ये काय झालं तर १९०९ च्या सुमारास लेलँडही या धंद्यात उतरली, पहिली गाडी डब्लिनला. मग डेनिस, लेलँड, मेरीवेदर यांची स्पर्धा, आणि पहिलं महायुद्ध संपेस्तोवर घोड्यांचा जमाना आटोपलाच होता. १९२१ मध्ये लंडनने शेवटची जोडी काढली तेव्हा फिंचलीची गाडी जुनी झालेली होती.

पावसाळी

शेवटचा त्रास देते. कच्चं चित्र तयार आहे. गाडीच्या दोन्ही बाजूंना पाठीला पाठ लावून बसलेले फायरमन, डोक्यावर पितळी शिरस्त्राणं, पुढे एक जण हँडल मारतोय, एक कुत्रा (कुत्रा माझा). यंत्राच्या दृष्टीने काही चुकतंय का? मुलांपेक्षा त्यांचे आजोबा जास्त चुका काढतात.

यंत्रचालक

आजोबा या नात्यानेच सांगतो.

बाजूला बाहेर तोंड करून बसणं बरोबर, त्या बांधणीला ब्रेडवूड म्हणतात, लंडनच्या दलाच्या जुन्या प्रमुखाच्या नावावरून. वळणावर माणसं पडायची म्हणून पुढे आत बसायच्या गाड्या आल्या. तेव्हा प्रत्येकाचा एक हात दांडीवर घट्ट दाखवा, हात हलवून टाटा करणारा कोणी काढू नका. पितळी हेल्मेटही बरोबर. लंडनने ती १९३६ मध्ये काढली, कारण घराघरांत वीज आली होती आणि लोंबत्या तारेखाली डोक्यावर पितळ नको. तुमच्या १९०४ च्या चित्रात ती ऐटीत चमकू द्या.

माणसं हँडल मारताना बसलेली नको, उभी किंवा चढताना काढा. इंजिन लागल्याशिवाय कोणी आपल्या जागेवर बसून राहत नाही.

आणि हँडल मारणाऱ्याचा हात मोठा करून काढा. आपण मूठ वळतो तेव्हा अंगठा बोटांच्या समोरून येतो. हँडलला तसं धरायचं नाही. अंगठा बोटांच्याच बाजूला, वरून. इंजिनने उलटा झटका दिला तर हँडल हातातून सुटलं पाहिजे, अंगठा अडकला की मनगट गेलं. हँडल खालून वर ओढायचं, वरून खाली दाबायचं नाही. आमच्या उस्तादाने हे शिकवताना पहिल्याच दिवशी आपला वाकडा अंगठा दाखवला होता.

कुत्रा राहू द्या. फक्त तो हँडलच्या जवळ नको.